पेन्सिलनं लिहिलेली जागा

आमच्या दारावर येणारी भाजीवाली बाबा घरी दिसले की टोपलं उतरवायलाच तयार नसे. बाबा वरची वांगी बघतच नसत. कोपरापर्यंत हात घालून तळची दोन काढायची, उन्हात धरून फिरवायची आणि म्हणायचं, "हे खालचं वर कर, मंग भाव सांग." ती बाई आईला म्हणायची, "माय, तुमचा मानूस नोकरीवर गेला का मले आवाज देत जा. मी तवाच येत जाईन."

दोष बाबांचा नव्हता, नोकरीचा होता. बाबा सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. हंगामात मारेगावला, बाकीचे महिने यवतमाळात घरी. गाडी केंद्रावर यायची तेव्हा वरचा कापूस पांढराशुभ्र असायचा, जणू दाखवायलाच वेचलेला. खाली काय असेल ते खाली. ओला, पिवळा, डागी. म्हणून ग्रेडरनं वरचा थर बघायचाच नाही, खांद्यापर्यंत हात गाडीत खुपसायचा, मधली मूठ काढायची, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि मग प्रत ठरवायची. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं होतं. बियाण्याच्या पाकिटातून काय उगवेल याचा भरवसा नाही, फवारणीच्या डब्यात औषध की पाणी हे माहीत नाही, केंद्र आज उघडं आणि उद्या बंद. गाडीवाल्याचा ग्रेडरवर संशय, ग्रेडरचा गाडीवर, साहेबांचा ग्रेडरवर आणि सगळ्यांचा मिळून काट्यावर. त्यात बाबा आमच्या वस्तीतले पहिले ग्रेडर. आमच्या आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली, शिक्षणाच्या मागे लागली, तेव्हा कुठे घरात ही नोकरी आली. तरी बाबांच्या टेबलावर दुसऱ्यांपेक्षा दोन डोळे जास्तच रोखलेले असायचे. तेव्हा संशय आमच्या घरात वरणभातासारखा रोजचा होता. मला तर तो बाबांपेक्षा जरा जास्तच पचला.

मी बास्केटबॉल खेळायची. उंची पाच फूट साडेआठ इंच. यवतमाळात एवढी उंच पोरगी म्हणजे रस्त्यानं जाताना पोट्टे शिट्ट्या वाजवायचे आणि बाया आईला विचारायच्या, "हिले नवरा कुठून आनता वं?" कोर्टावर मात्र माझं राज्य होतं. मी सेंटर. म्हणजे रिंगच्या खाली उभं राहायचं, वर आलेला चेंडू हात उंचावून काढायचा आणि टाकायचा. जिल्ह्यात माझ्या डोक्यावरून चेंडू नेईल अशी पोरगी नव्हती. शाळेपासून मी त्या जागेवर होते, ती जागा माझ्या बापजाद्यांची आहे असंच मला वाटायचं.

आणि मग सरांनी मला त्या जागेवरून हलवलं.

सर म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक. एका खाजगी शाळेत नोकरी आणि वरून जिल्हा संघटनेचे सचिव. घरचे सगळे पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत नाहीतर वकिलीत, हे एकटेच चेंडूच्या मागे लागलेले. कानावर कायम एक पेन्सिल खोचलेली. पोरींच्या उंच्या, वजनं, कोण कुठे खेळणार, सगळं पेन्सिलनं लिहायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पोट्ट्या वाढतेत न बाप्पा! पेननं लिहून कायले कागद खराब करू?"

त्या वर्षी दिवाळीनंतर पुसदहून एक पोरगी आली. सतरा वर्षांची, माझ्यापेक्षा दीड इंच उंच, बारीक आणि बडबडी. मावशीकडे राहून कॉलेज करणार होती. दुसऱ्याच दिवशी सरांनी तिला रिंगखाली उभं केलं, माझ्या जागेवर, आणि मला बोलावून म्हणाले, "ओढनी दे इकडं." माझीच ओढणी घेऊन माझा उजवा हात पाठीला बांधला आणि चेंडू हातात दिला. "आता डाव्यानं चालव. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"काहून सर?"

"मी सांगून राह्यलो म्हनून."

तीन महिने असं चाललं. रोज सकाळी हात बांधून घ्यायचा आणि डाव्या हातानं चेंडू आपटत कोर्टभर पळायचं, कोपऱ्यातून टाकायचं, मधूनच वळायचं. पोट्ट्या हसायच्या. पुसदवाली रिंगखालून ओरडायची, "ताई, मस्त जमून राह्यलं तुमाले!" मला वाटायचं, हसतेस काय भवाने, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. मला हलवून तिची जागा केली, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

त्यात एक दिवस पुसदच्या एसटीतून एक माणूस उतरला. निळा टी-शर्ट, पांढरी टोपी. स्टँडवर सरांनी त्याला चहा पाजला, मग कोर्टावर आणलं. दोन तास कडुनिंबाखाली बसून त्यानं आमची प्रॅक्टिस बघितली. मधे मधे सर त्याच्या कानाशी लागायचे. जाताना तो पुसदवालीशी चार शब्द बोलला, माझ्याकडे नुसतं बघून मान हलवली. मी ताडलं, हा तिचा काका. वशिला लावायला आलाय. एवढं ताडायला मला अक्कल लागली नाही, संशय पुरला.

आता ती लीग. बास्केटबॉलची पगारी लीग तेव्हा नुकतीच निघाली होती, दुसरं वर्ष. मोठ्या शहरांचे आठ संघ. दरवर्षी एक दिवस ठरलेला, त्या दिवशी नवीन खेळाडूंची निवड, तिला म्हणायचं ड्राफ्ट. सरांनी ते फळ्यावर काढून दाखवलं होतं. देशभरातून मुलींचे फॉर्म जाणार. त्यांच्या याद्या होणार, जागेप्रमाणे वेगवेगळ्या: चेंडू चालवत पुढे नेणाऱ्या गार्डची वेगळी, सेंटरची वेगळी. गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाची पहिली पाळी. दोन मिनिटांत एक नाव घ्यायचं, मग पुढच्या संघानं. अशा चार फेऱ्या. नाव निघालं तर पगार, राहायला जागा, विमानाचा प्रवास. नाही निघालं तर आपलं घर आहेच. आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे बैलबाजारच न? दात पाहतेत का?"

अट अशी की अठरा पूर्ण आणि बावीसच्या आत. मी एकवीस पूर्ण केलेली. म्हणजे माझ्यासाठी हे एकच वर्ष होतं. पुसदवाली अठराची झाली नव्हती, तिला पुढचं वर्ष मोकळं. आमच्या जिल्ह्यातून त्या साली एकच फॉर्म जाणार होता आणि तो माझा. मला ती लीग हवी होती, इतकी की मी कोणाला बोलून दाखवत नव्हते. रात्रंदिवस डोक्यात तेच. बी.ए.चा शेवटचा पेपर झाला की घरात पाहुणे येणार हे मला ठाऊक होतं. ते नाव निघालं की पाहुण्यांचा विषय संपला.

सरांनी मला घरी बोलावलं. ओसरीवर फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते. खाली शिफारस करणाऱ्याची सही पेननं झालेली, शिक्का मारलेला. वरचं सगळं मात्र पेन्सिलनं. उंची लिहिली होती पाच आठ. अर्धा इंच गायब! आणि खेळाची जागा, या रकान्यात लिहिलं होतं: गार्ड.

"सर, मी तं सेंटर हाय."

"इथं सेंटर. तिथं तुह्याएवढ्या पोरी पानी वाटतेत. गार्ड म्हनून जा."

"पन मी गार्ड म्हनून एक तरी स्पर्धा खेळली का?"

"तुले माह्यावर भरोसा हाय न? मंग इचारू नोको. घरी जा, पेननं गिरव, अन् रजिस्टर करून टाक. अन् हे कोनाले सांगू नोको. पुसदवालीले तं बिलकुल नाई, तिच्या पोटात पानी रायत नाई."

झालं. माझ्या डोक्यात लालेलाल दिवे पेटले. पुसदवालीला सांगायचं नाही, ते का? सही पेननं आणि मजकूर पेन्सिलनं, ते का? आमच्या घरात शिकवण अशी, की पेन्सिलनं लिहिलेला कागद म्हणजे मागाहून बदलायचा कागद. आणि उंची कमी का लिहिली? मी हिशोब जुळवला. मला गार्डच्या यादीत घालायचं, जिथे मला कुत्रंही विचारणार नाही. माझं वय निघून जाईल. पुढच्या वर्षी यवतमाळची सेंटर म्हणून पुसदवाली जाईल, आणि तिच्या आधी इथली कोणी सेंटर गेलेलीच नसेल. निळ्या टी-शर्टवाला काका, ओढणीनं बांधलेला हात, सगळं कसं फिट्ट बसलं. वर पांढरा कापूस, खाली डागी. मला खालचं दिसलं याचा मला, खोटं कशाला सांगू, अभिमानच वाटला.

बाबा मारेगावला होते. आई तिच्या शाळेत, कामावर. मी खोडरबर घेतलं. गार्ड खोडलं. पाच आठ खोडून पाच साडेआठ केलं. पेननं, ठळक, रेघ हलू न देता लिहिलं: सेंटर. मोठ्या पोस्टात जाऊन स्वतः रजिस्टर केलं. पावती पाकिटात घालून ठेवली. घरी येताना जिभेवर गोड चव होती. मला फसवता काय? मी ग्रेडरची पोरगी आहे.

सरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "टाकला?"

"टाकला."

"शाबास." पुन्हा हात बांधून घ्यायला लावला. मी मनात म्हटलं, बांधा, बांधा.

निवडीच्या दिवशी निकाल लीगच्या वेबसाइटवर फेरीफेरीनं लागणार होता. दत्त चौकातल्या एका सायबर कॅफेत सरांनी सकाळी अकरापासून एक कॉम्प्युटर धरून ठेवला. मी, सर आणि पुसदवाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून आली. सर पहाटेच कळंबच्या गणपतीला जाऊन आले होते. खिशातून पुडी काढली, "घे, चिंतामणीचा पेढा." आम्ही विहारात जाणारे लोक, घरी हे कळलं असतं तर आईनं दहा प्रश्न विचारले असते. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, मी खाल्ला. आणि खाता खाता मनात आलं, हे आज पेढे कायले वाटून राह्यले? मन खात असेल.

लोडशेडिंगचे दिवस. साडेअकराला लाइट गेली. कॅफेवाल्याचं इन्व्हर्टर कुंई कुंई करायला लागलं आणि त्यानं पंखे बंद करून फक्त दोन कॉम्प्युटर चालू ठेवले. पान उघडायला पाच-पाच मिनिटं. पहिली फेरी आली. आठ नावं, माझं नाही. पहिल्या फेरीत मी धरलंही नव्हतं. दुसरी आली. दोन सेंटर निवडल्या होत्या, दोघींच्या नावासमोर उंची: सहा एक, सहा दोन. मी ते आकडे पुन्हा वाचले. सहा दोन! बाई आहे की विजेचा खांब?

सर शांत होते. पेन्सिल कानावर, मोबाइल हातात. "तिसरी फेरी पाहू," म्हणाले. "तिसऱ्या फेरीत पाचवी पाळी." पाचवीच का, ते मला समजेना. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. या माणसाला आधीच काहीतरी माहीत आहे.

तिसरी फेरी उघडली. सर खुर्चीतून अर्धे उठले. पाचव्या पाळीला एका दक्षिणेकडच्या संघानं नाव घेतलं होतं: गार्ड, कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातली मुलगी. सर ती ओळ बोट लावून वाचत राहिले. एकदा, दोनदा.

"असं कसं?" म्हणाले. "असं कसं होते?"

आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते उठून दारात गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. आधी सर नुसते "हं, हं" करत होते. मग त्यांचा आवाज चढला.

"यादीत नाई म्हंजे? नीट पायलं का तुम्ही?... तीनदा पायलं? मंग कुठं टाकलं त्याईनं?... सेंटर? कोनं म्हनलं सेंटर? अरे भाऊ, माह्या हातानं लिवलं मी, गार्ड! माह्या हातानं! सही हाय त्याच्यावर माही!"

पुसदवाली माझ्या कानाशी आली. "ताई, ते निळे शर्टवाले सर हायेत फोनवर. मागं आलते न पाहाले? ते त्या संघाचे दुसरे कोच हायेत म्हने, तिकडून येनारी एसटी पुसदवरूनच येते. सरांच्या संगं कॉलेजात खेळलेले. मले म्हने त्या दिवशी, तुमची ताई डाव्या हातानं असा चेंडू चालवते का पाहातच राहावं. त्याईले तशीच गार्ड पायजे होती. सरांनी मले शपथ घातलती, सांगू नोको म्हनून. आधी शब्द देनं नियमात बसत नाई म्हने." ती बोलतच राहिली. तिच्या पोटात पाणी राहत नाही, हे सरांचं म्हणणं खोटं होतं. इतके दिवस राहिलं होतं.

त्या संघाकडे आधीच दोन सेंटर होत्या. सेंटरचं पान त्यांनी पाळी संपेपर्यंत उघडलंच नाही. गार्डच्या पानावर ते दोन मिनिटं माझं नाव शोधत होते, दोन मिनिटं संपली आणि त्यांनी दुसरी पोरगी घेतली. आणि तो गायब अर्धा इंच? सर कोणाच्याच उंचीतला अर्धा इंच लिहीत नसत, हे पुढे त्यांच्या वह्या बघितल्या तेव्हा दिसलं.

सर आत आले. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, असं मी कितीदा तरी स्वतःला बजावलं आहे. पण त्यांनी विचारलंच नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या माणसाचे डोळे भरलेले होते. "घोळ केला पोरी त्याईनं. कॉम्प्युटरवर चढवताना घोळ केला. तू घाबरू नोको, मी सोडत नाई त्याईले."

मी मान खाली घातली. तोंडात पेढ्याचा गोडवा तसाच होता.

चौथ्या फेरीतही नाव नव्हतं.

रविवारी बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनाच फक्त. मला वाटलं, ते समजून घेतील, शेवटी त्यांचंच शिकले होते मी. बाबांनी अंगणातच बाज टाकली, मला समोर बसवलं. मग म्हणाले, "सरांले इचारलं होतं का तू, का गार्ड काहून?"

"इचारलं. त्याईनं सांगितलं नाई."

"पुन्हा इचारलं?"

"नाई."

"मले संशय आला का मी गाडीत हात घालतो. हात घातल्याबिगर मी आजपर्यंत एकाही गाडीले खराब म्हनलं नाई. तू तं दुरूनच प्रत ठरवली." आणि उठता उठता, "सरांले सांगून टाक. आजच."

मी हो म्हटलं. गेले नाही. आज जाईन, उद्या जाईन. आधी त्यांचा राग उतरू दे म्हटलं. पण तो उतरेचना. सरांनी लीगला पत्र लिहिलं, दुसरं लिहिलं, मूळ फॉर्म परत मागितला. उत्तर आलं नाही. उत्तर न येणं हाच त्यांना पुरावा वाटला. आधी म्हणायचे घोळ केला, मग म्हणायला लागले मुद्दाम केला, मग म्हणाले, लहान गावची पोरगी, त्यात कोणत्या घरची, हे बघून त्यांनी नाव फिरवलं. ज्या माणसानं जन्मात कोणावर संशय घेतला नाही, तो आता पंचावरही संशय घ्यायचा, पोस्टमनवरही. त्यांच्या तोंडून ती वाक्यं यायची तेव्हा मला माझाच आवाज ऐकू यायचा. आणि जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड होत गेलं. शरम वाटायची. शरमेपेक्षाही भीती. माझ्यावर इतका विश्वास ठेवणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि तो मला घालवायचा नव्हता. किती लबाडी ही! पण होती.

पुढच्या वर्षी पुसदवाली अठराची झाली. फॉर्म घेऊन आली. सरांनी तो न उघडता परत केला. "माह्या पोरी त्या चोराईकडं नाई पाठवत मी. एकीचं वाटोळं केलं तेवढं पुरे." ती रडली. मी तिथेच उभी होते, कोर्टावर पांढऱ्या फक्कीनं रेघा मारत. रेघ मारत राहिले. पुढे दोन वर्षं ती वाट बघून थकली. आज पुसदला स्टँडजवळ तिचं बांगड्यांचं दुकान आहे. मागे भेटले तेव्हा चहा पाजला आणि म्हणाली, "सरांनी बराबर केलं ताई. तुमच्यासंगं केलं ते माह्यासंगंही केलं असतं त्याईनं." मी बांगड्या घेतल्या, नको होत्या तरी घेतल्या.

सरांनीच खटपट करून मला त्यांच्या शाळेत चिकटवलं. ते निवृत्त झाल्यावर त्यांची जागा मला मिळाली. आता पोरी मला मॅडम म्हणतात. लीग मधे दोनदा बंद पडली, नाव बदललं, पण ड्राफ्ट दरवर्षी होतो आणि त्याच्या फॉर्मवर अजूनही जिल्हा सचिवाची सही लागते. सचिव अजूनही सरच. इतक्या वर्षांत आमच्या जिल्ह्यातून एकही फॉर्म गेलेला नाही.

यंदा माझ्याकडे एक पोरगी आहे. एकवीस पूर्ण. गार्ड. दोन्ही हातांनी सारखी खेळते. तिनं फॉर्म आणून दिला आणि म्हणाली, "मॅडम, सरांची सही आनून द्या न. तुमचं ऐकतीन ते." तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ठरवलं, आता बस्स.

सर ओसरीवरच होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. पेन्सिल अजून कानावर, लिहायला काही उरलं नसलं तरी. पोरगी फाटकाबाहेर थांबली. मी खाली बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. खोडरबर, पोस्ट, सेंटर, साडेआठ, त्यांच्या मित्राला मी समजलेला काका. सांगताना मी रडले.

सर हसले. "झालं तुहं?"

"सर, खरं सांगून राह्यली."

"कोनं पाठवलं तुले?"

"कोनी नाई सर."

"त्या लीगवाल्याईनंच पाठवलं असन. आता त्याईले आपली सही पायजे, म्हनून तुले पुढं केलं. का त्या पोरीसाठी सोताच्या अंगावर घेऊन राह्यली?" त्यांनी चाचपत माझं डोकं शोधलं आणि हात ठेवला. "माह्यं लिवलेलं तू खोडशीन? तू? हट्! जगात कोनीही खोडन, तू नाई खोडत. मले येडा समजली का?"

"सर, तुमची शपथ—"

"शपथ घेऊ नोको. माह्यासाठी खोटी शपथ घेऊ नोको पोरी." आणि आत हाक मारली, "आयकलं का? चहा टाक. हिले त्याईनं लय त्रास देला, बिचारीले."

मी फॉर्म त्यांच्या हातात दिला. पेन दिलं. त्यांनी फॉर्मची घडी केली, दोनदा, आणि मला परत दिली. नंतर मी तासभर बसले, किती तऱ्हांनी सांगितलं. पावती इतकी वर्षं जपली असती तर दाखवली असती, पण तिच्यावर काय, फक्त पोस्टाचा शिक्का. दर वेळी त्यांना माझी जास्तच दया येत गेली. शेवटी त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं.

पोरगी फाटकाला टेकून उभी होती. माझ्या हातातली घडी तिनं बघितली.

"सही?"

"नाई देत ते."

ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली, मग फॉर्मकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिची ती नजर मला ओळखायला वेळ लागला नाही. स्वतःचं नाव कधी निघालं नाही, ती बाई दुसरीचं कशाला निघू देईल, असा हिशोब तिथे जुळत होता, आणि फिट्ट बसत होता.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही खरंच इचारलं न त्याईले?"